राजाच्या शिक्क्याचा कागद

१४ जून १९९५, बुधवार

मीनलला बारावीला एक्क्याण्णव टक्के! फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून. शेजारचा तोलाराम स्वतःच्या दुकानातले पेढे घेऊन आला — म्हणजे कालचे. "पवारसाब, बेटी डॉक्टर बनेगी, अब हमारा बीपी फ्री में देखेगी!" अंजनीने त्याचाच पेढा त्याच्या तोंडात कोंबला आणि आत जाऊन रडली. ही बाई आनंद झाला की रडते आणि दुःख झालं की भांडी घासते. लग्नाला वीस वर्षं झाली, अजून अंदाज चुकतो.

मी काय केलं? कॅम्प चारच्या नाक्यावर साडीच्या दुकानाची पाटी अर्धी सोडून आलो होतो, ती पुरी करायला गेलो. 'सेल'मधला ल वाकडा आला. शेठ म्हणाला, चालेल. त्याला सेलशी मतलब.

कातकऱ्याची पोर डॉक्टर. हे वाक्य इथे लिहून पाहिलं. कागद काही फाटला नाही.

१५ जून

तहसीलदाराचा जातीचा दाखला आहे, पण तेवढ्याने मेडिकलची राखीव जागा मिळत नाही. तो पडताळून आणायचा. म्हणजे सरकारने दिलेला कागद खरा आहे का, हे सरकारच तपासणार. नवरा बायकोला विचारतो, तुझं माझ्याशीच लग्न झालंय ना — तसं.

मुदत दहा ऑगस्ट.

१९ जून, सोमवार

पडताळणीच्या कचेरीत गेलो होतो. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. चहा मागवला. फाइल उघडली, आडनाव वाचलं आणि हसले. "पवार? म्हणजे आमच्यातलेच की हो!"

म्हटलं, साहेब, कातकऱ्यांत पवार असतात, जाधव असतात, वाघमारे असतात. आडनावं आम्हाला फुकट मिळाली, तेवढीच.

"आणि हे काय?" त्यांनी माझा शाळेचा दाखला पुढे केला. त्यावर स्वच्छ अक्षरात: हिंदू-मराठा.

आता हे कोणाला सांगायचं? चौपन्न साली बापाने मला शाळेत नेलं, तेव्हा गुरुजींनी जात विचारली. बापाने सांगितली. गुरुजींनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "तसं लिहिलं तर वर्गात काही हरवलं की पहिला ह्याला झोडतील. मराठा लिहितो. पोरगं सुखाने शिकेल." गुरुजींनी उपकार केला. चाळीस वर्षांनी तो उपकार माझ्या पोरीच्या गळ्याशी आलाय. भल्या माणसांपासून सावध राहावं हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "पन्नास सालाआधीचा एक कागद आणा. बापाची, आज्याची जात लिहिलेला. एकच आणा, मी लगेच सही करतो."

म्हटलं, साहेब, आमच्यात तेव्हा लिहिणारं कोणी नव्हतं.

"मग तुमच्याबद्दल लिहिणारं तरी?"

ते होतं. एकदा होतं.

२० जून, मंगळवार

कागदाची गोष्ट मी आजवर कोणालाच पुरी सांगितलेली नाही. माझ्या चित्राच्या प्रदर्शनात सांगितली ती सजवून. इथे सरळ लिहितो.

आमच्या घरात एक बांबूची नळी होती. तिच्यात एक कागद. त्यावर राजाचा मुकुट, खाली माझ्या आज्याचा — कोंडाजीचा — अंगठा. घरात सगळे त्याला सनद म्हणत. राजाने कोंडाजीला जमीन दिली त्याची सनद! दसऱ्याला नळी बाहेर यायची, हळद लागायची, पुन्हा आढ्याला. मग मोठी लढाई लागली. गोऱ्यांनी लष्करी तळासाठी ही सगळी जमीन घेतली आणि आमची वाडी उठवून जांभूळ गावाच्या अंगाला फेकली. घरातले म्हणाले, राजाने दिली, राजाने लढाईसाठी मागून घेतली, लढाई संपली की कागद दाखवून परत घेऊ. लढाई संपली. राजा गेला. बराकींमध्ये सिंधी आले — ते बिचारे आपापले कागद दाखवत होते, कराचीतल्या घरांचे. तळाचं उल्हासनगर झालं. आज मी त्याच जमिनीवरच्या अर्ध्या बराकीत भाड्याने राहतो.

आठवीत इंग्रजी वाचता यायला लागलं. दसऱ्याला नळी उघडली तेव्हा मी तो कागद वाचला.

सनद नव्हती. शिक्षा होती. सन १९१२. कोंडाजी वलद महादू, Kathodi — काथोडी, म्हणजे कातकरीच — याने राखीव जंगलात खैर तोडला. तीन महिने सक्तमजुरी, आणि पुन्हा खैराला हात लावणार नाही अशी हमी. हमीखाली अंगठा. खैराचा गाभा उकळून कात करायचा म्हणून आम्ही कातकरी. तर जातीचा धंदा केला म्हणून सजा, आणि त्या सजेची आमच्या घरी हळद लावून पूजा!

मी बापाला सांगितलं नाही. आत्याला — बनूबाईला — तर नाहीच. दरवर्षी मुकाट हळद लावली.

अठ्ठ्याऐंशी साली ते चित्र केलं. लोक चित्र म्हणतात. मी पत्रा म्हणतो. बराकीच्या छपराचा सहा फुटी पत्रा भंगारातून आणला, लष्कराचा नंबर अजून त्यावर होता. त्यावर कोळसा, काटेरी तार, जीन्सच्या कारखान्यातल्या चिंध्या. खैर मिळवून आत्याकडून कात उकळून घेतला आणि तापलेला ओतला. मधोमध कागद. खरा कागद, नक्कल नव्हे. तेव्हा मला 'खरेपणा'ची बाधा झाली होती.

आणि चिकटवण्याआधी अर्ध्या ब्लेडने एक शब्द खरवडून काढला. Kathodi. त्या शब्दाने माझ्या आज्याला चोर केलं होतं, मी त्याला त्या शब्दातून सोडवत होतो! खरवडलेल्या जागी कात ओतला. प्रदर्शन भरवणाऱ्या नीलिमाताईंनी माहितीपत्रकात लिहिलं: "ही वसाहतवादाची जखम आहे." मी खूश झालो होतो. ते माहितीपत्रक अजून जपून ठेवलंय, आहे की नाही मूर्ख.

तो शब्द आता हवाय.

२२ जून

अंजनीला सांगितलं. भांडी घासते आहे. घासलेलीसुद्धा.

२५ जून, रविवार

पत्रा वांगणीला आहे, विकत घेणाऱ्याकडे. गुरुदत्त साहेबांची आनंदनगरला रंगांची कंपनी, वांगणीला फार्महाऊस. दर शनिवारी तिथे येऊन ते शेतकरी होतात. जेवणाच्या टेबलामागे पत्रा टांगलाय. टेबलावर कैरीचं पन्हं, वर माझ्या आज्याची सक्तमजुरी.

त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या, "आम्हाला ना, आता त्याची इतकी सवय झालीये! पाहुणे आले की पहिला विषय तोच."

मी म्हटलं, थोडे दिवस हवाय. कचेरीत दाखवायला.

गुरुदत्त साहेब म्हणाले, "कागद तेवढा सोडवून नेता येईल का?" मी म्हटलं, फेव्हिकॉल आणि कात, मीच लावलाय. मीही सोडवू शकत नाही. त्यांना ते आवडलं, दोनदा म्हणाले, "व्वा!"

नीलिमाताईंना त्यांनीच फोन लावून दिला. ही बाई मला अरे-तुरे करते, जवळीक म्हणून. मी तिला ताई म्हणतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. "महिपती, वेडा आहेस का तू? कागदाला हात लावलास तर काम मरेल! आणि पूर्ण काम कचेरीत नेतोयस — हे किती पॉवरफुल आहे, कळतंय का तुला? कोणीतरी फोटो काढायला हवेत." मी म्हटलं, ताई, माझ्या पोरीची ॲडमिशन आहे. "हो रे, तेही आहेच."

शेवटी दिला. टेम्पोत चढवताना गुरुदत्त साहेब म्हणाले, "जपून हं पवार. केलंय तुम्ही, पण आहे माझं."

खरं बोलले.

२८ जून, बुधवार

सहा फुटी पत्रा दोन हमालांनी सरकारी जिन्यावरून वर नेला. पट्टेवाला म्हणाला, "बाथरूमचा दरवाजा आहे का?" रांगेतली माणसं बाजूला झाली, एका म्हातारीने नमस्कार केला. तार होती, लाल ओघळ होते, तिला देवच वाटला असेल.

साहेबांनी भिंग आणलं. मुकुट पाहिला, साल पाहिलं, कोंडाजी वलद महादू वाचलं. मान डोलावत होते. मग भिंग तिथे आलं.

"आणि जात?"

"तिथे होती साहेब."

"होती म्हणजे?"

"मी खरवडली."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "का?"

आता काय सांगणार? मी, म्हणे, आज्याला मुक्त करत होतो. माहितीपत्रक पुढे केलं. त्यांनी नीलिमाताईंचं वाक्य मोठ्याने वाचलं — वसाहतवादाची जखम — आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "पवार, मला जखम नको, जात हवी." कारकून हसला. मला वाटतं मीही हसलो. वाक्य चांगलं होतं. कोणाच्या तरी तोंडून आलं म्हणून सोडून द्यायचं का?

पत्रा परत वांगणीला. मालिनीबाईंनी भिंत मधल्या काळात पुसून घेतली होती.

६ जुलै

जुन्या रेकॉर्डच्या खोलीत तिसरा दिवस. आज उत्तर मिळालं. त्या वर्षाची किरकोळ जंगल गुन्ह्यांची दप्तरं मुदत संपली म्हणून जाळली. कधी? सत्तेचाळीसच्या आधी. साहेब लोक जाताना आवरून गेले.

११ जुलै, मंगळवार

चौकशीला इन्स्पेक्टर जांभूळच्या वाडीवर आला. आम्ही खरंच कातकरी आहोत का ते रीतीभातीवरून बघायला. मीनलला हजर ठेवा म्हणाला. ती पंजाबी ड्रेसमध्ये, पायात सॅंडल. आत्या बनूबाई ऐंशीच्या पुढची, दारात उकिडवी.

छापील प्रश्न होते. देव कोणता? लग्नात काय करता? मयताला काय करता? आत्या पटापट सांगत होती, त्याचं पेन मागे पडत होतं. मग त्याने जरा आवाज उतरवून विचारलं, "उंदीर खाता?"

"खायचू की. आता उंदीर तरी ऱ्हायलाय कुठं? शेतं गेली कंपनीत, उंदीर गेला शेताबरूबर. तुमच्याकडं आसंल तर धाडा."

वाडीतली माणसं खदाखदा हसली. इन्स्पेक्टरने मीनलकडे वळून विचारलं, "तू खाल्लायस?"

"नाही."

लिहिलं.

"तुमची बोली येते?"

"कळते. बोलता येत नाही."

तेही लिहिलं. मी म्हटलं, साहेब, माझ्या बापाने मला मार देऊन ती बोली सोडवली. बसमध्ये बोललो तर लोक खिसे चाचपायचे. तर तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमचं मराठी फारच शुद्ध आहे हो." कौतुक नव्हतं ते. ते पण लिहिलं.

दोन पिढ्या घासून घासून जे अंगावरून काढलं, ते आज अंगावर नाही म्हणून नापास.

तो निघाला तशी आत्या उठली. भिंतीला धरून. "सायेब! आमचा कागद हाय. राजाच्या शिक्क्याचा. ह्याला इचारा!" इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. मीनलने पाहिलं. मी चप्पल शोधत होतो.

१२ जुलै

पाच पाट्या रंगवल्या. एकीवर पावभाजी.

१६ जुलै, रविवार

आत्याकडे एकटाच गेलो. ठरवून गेलो होतो. मरायच्या आधी तिला खरं कळायला हवं, असलं काहीतरी उदात्त मनात होतं. म्हटलं, आत्या, तो कागद सनद नव्हता. आज्याला सजा झाली त्याचा होता. आणि मी तो पत्र्याला चिकटवला.

ती तंबाखू मळत होती. मळतच राहिली.

"आरं म्हैपत, अंगठा कुनाचा व्हता त्यावर?"

"आज्याचा."

"मंग त्येला ठावं नसंल व्हय, कशावर दिला? तीन म्हैनं खडी फोडून आलेला मानूस तो!"

मी खाली बसलो.

"घरी आला तवा पोरं इचारायला लागली, कुठं गेलावतास. काय सांगायचं? चोर झालो म्हून? त्यो म्हनला, राजाला भेटाया गेलोतो. ह्यो बघा कागद. जमीन दिली." तिने चिमूट तोंडात टाकली. "पोरं ताठ चालली रं. आमी सगळी ताठ चाललू. तुझा बाप त्या कागदाच्या जिवावर कुनाला भ्याला नाय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तू वाचलंस त्या दसऱ्याला, आन तोंड मिटलंस. म्हनलं, पोरगं शानं हाय. आता येवढा बाप्या झालास आन सांगाया आलास!"

चौतीस वर्षं मी तिला सांभाळत होतो आणि ती मला. आमच्या घरातला पहिला कलावंत मी, असं मी दोन मुलाखतींत सांगितलंय. कोंडाजी पवार, चोर, १९१२: सरकारी कागद, हळद, बांबू आणि थाप. त्याने पोरांसाठी कागदाचा अर्थ बदलला. मला नुसता कागद करायचाय. अर्थ खराच आहे.

घरी येईपर्यंत हा विचार डोक्यातून गेला नाही. अजून नाही गेला.

२३ जुलै, रविवार

गोल मैदानाजवळच्या रद्दीवाल्याकडे जुनी वहीखाती मिळाली. सिंधमधून आलेली असावीत, पहिल्या पानावर उलटं लिहिलेलं — म्हणजे मला उलटं, त्यांना सुलटं. मागची पानं कोरी. कागद पिवळा, जाड, बरोबर त्या काळचा. चार पानं मागितली तर रद्दीवाला म्हणाला, "साईं, पूरा किताब ले जाओ, इसको कौन पढ़ेगा?"

मजकूर पाठ आहे. चौतीस वर्षं पाठ आहे. अक्षराचं वळणही — चिकटवण्याआधी दहा वेळा गिरवलं होतं, अभ्यास म्हणून! शाई लोखंडाच्या किसाची आणि हिरड्याची. मुकुटाचा शिक्का रबरात कोरला. पाट्या रंगवणाऱ्याला राजाचा मुकुट म्हणजे काय, बीअर बारवर रोज रंगवतो.

आज फक्त सराव.

३० जुलै, रविवार

झाला.

अंजनीला विचारलं नाही, ती बोलली नाही. दार लावून घेतलं आणि बाहेर बसली, कोणी आलं तर सांगायला. वर नाव लिहिलं, कोंडाजी वलद महादू. त्यापुढचा शब्द आला आणि टाक थांबला. सातच अक्षरं इंग्रजीत. मी हा शब्द आयुष्यात कधी हाताने लिहिला नव्हता. ना वहीत, ना फॉर्मवर, ना चित्राखाली. कागदावरून तर खरवडून काढला. आज लिहिला. चांगला आला. काही मिनिटं नुसता बघत बसलो.

अंगठा उरला. आज्याचा कुठून आणू? माझा दिला.

मग चहाच्या पाण्यात, उन्हात, आणि घड्या घालून गादीखाली.

२ ऑगस्ट, बुधवार

साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पाहिला तो माझ्या कुठल्या प्रदर्शनात कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. "अहो, हे पहिल्यांदाच नाही का आणायचं!" भिंग घेऊन शब्दावर टेकवलं आणि लहान पोरासारखं वाचलं: "का-थो-डी. आहे!"

म्हटलं, वाडीत सापडला. पेटीत.

मग त्यांना शंका आली. "पण कोर्टाचा कागद तर तुम्ही त्या पत्र्याला..." तेवढ्यात त्यांनीच स्वतःला सोडवलं. "हां हां! जामीनदाराची प्रत असणार. आरोपीला एक, जामीनदाराला एक. बरोबर ना?"

मी मान हलवली. एवढंच. खोटं तेच बोलले, मी नुसतं ऐकलं. कोर्टात हे चालणार नाही, पण इथे लिहून ठेवतो.

खऱ्या कागदाला ते पुरावा म्हणाले नाहीत. खोट्याला उठून उभे राहिले. दहा तारखेला समितीपुढे मुलीला घेऊन या म्हणाले. "औपचारिकता हो."

७ ऑगस्ट

मीनलने जेवताना विचारलं, "बाबा, तो कागद आत्याआजीकडे कुठे होता?"

"पेटीत."

"आत्याआजीकडे पेटी नाहीये."

अंजनीने वरण वाढलं. कोणालाच नको होतं.

८ ऑगस्ट

मीनल बोलत नाही. रागावून नाही. तिचं काहीतरी चाललंय, गणित सोडवताना ओठ हलतात तसे हलतात. मी विचारलं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

१० ऑगस्ट, गुरुवार

तीन माणसं टेबलापलीकडे. मधला म्हातारा, समितीचा अध्यक्ष. आपले साहेब कडेला, माझ्याकडे बघून हसले.

अध्यक्ष गोड माणूस. "बाळ, पुढे काय व्हायचंय? डॉक्टर? छान. हा कागद तुझ्या पणजोबांचा. सापडला तेव्हा तू होतीस का गं तिथे?"

औपचारिकता. हो म्हणायचं आणि खुर्चीवरून उठायचं.

मीनल म्हणाली, "नाही सर. सापडला नाही. बाबांनी केलाय."

अध्यक्षांनी कागद उचलून उजेडात धरला.

"जात खरी आहे सर," ती म्हणाली. "कागद खोटा आहे." एक शब्द गाळला नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. खरंच दुःख झालं होतं त्यांना. "असं नसतं बेटा. कागद खोटा, तर जात खोटी."

आपले साहेब माझ्याकडे पाहत नव्हते. जामीनदाराची गोष्ट त्यांची होती, आता तीही माझ्या नावावर. दावा अमान्य. तहसीलचा दाखला जप्त. पोलिसांत तक्रार द्यावी लागेल, आमचा इलाज नाही, म्हणाले.

बाहेर आल्यावर मी ओरडलो. जिन्यावरच. काय ओरडलो ते लिहीत नाही. तिने ओरडू दिलं. मग म्हणाली, "खोटे दाखले करून आपल्या जागा खाणाऱ्यांना तुम्ही रोज शिव्या घालता ना? पेपर वाचता वाचता. बाबा, मला त्यांच्या रांगेत नका उभं करू."

मी म्हटलं, आपण खरे आहोत गं!

"म्हणून तर," म्हणाली.

स्टेशनपासून घरापर्यंत ती पुढे, मी मागे. सॅंडलचा पट्टा तुटलेला, फरफटत चालत होती, पण मान ताठ. घरी गेल्यावर अंजनीने एकदा दोघांकडे पाहिलं आणि भांड्यांकडे न जाता पोरीला जवळ घेतलं. मी बाहेर बसलो. राग आला होता, आणि ज्याचा आला होता तो मीच होतो, आणि तिच्याइतकं खरं मी आयुष्यात एकही काम केलेलं नाही — हे तिघंही एकाच बाकावर बसले होते.

१२ ऑगस्ट

मेडिकलची यादी लागली. नाव नाही. मीनल बी.एस्सी.चा फॉर्म घेऊन आली. जातीच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

१४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी चौकीवर नेलं. जमादाराने रजिस्टर उघडलं. नाव विचारलं. बापाचं विचारलं. राहणार कुठे, धंदा काय, तेही विचारलं.

जात विचारली नाही. मान वर करून एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहून टाकली. बरोबर लिहिली.